वलंदेजांचे शब्द गेले कोठे?

आज मी आपणांस एका शब्दाची हकिगत सांगणार आहे, आणि तिच्या निमित्ताने माझी स्वतःची एक चूक कबूल करणार आहे. शब्द साधा आहे. पारावर, ओटीवर, लग्नघरी जेथे म्हणून पत्त्यांचा डाव पडतो तेथे तो ऐकू येतो. तो शब्द म्हणजे 'किलवर'.

हकिगत आमच्या पनवेलची. पनवेल हे पहिल्यापासून वाटेवरचे गाव. आगगाडी घाट चढू लागली नव्हती त्या काळी मुंबईचा माणूस पुण्यास निघाला म्हणजे बहुधा होडीने पनवेल बंदरात उतरे आणि तेथून बोरघाटाची वाट धरी. खाडीतली ती वर्दळ आता राहिली नाही, पण गाव मात्र वाटेवरच आहे. कोकणातून गोवा, मंगळूर, कोची करीत थेट कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग पनवेलपासूनच सुरू होतो. ज्या वाटेने माणसे आणि माल जातो त्याच वाटेने शब्दही जातात. या भाषणात आपल्याला याच महामार्गाच्या कडेकडेने बरेच दूर जायचे आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवले.

पनवेलजवळच्या एका खेड्यातली एक मुलगी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेचा भाग म्हणून तिला एक छोटासा शोधनिबंध लिहायचा होता. ती माझ्याकडे विचारायला आली. विषय तिने आधीच ठरवला होता : 'मराठीतील डच शब्द'. मला नवल वाटले. फारसी, अरबी, पोर्तुगीज, इंग्रजी यांचे शब्द मराठीत किती आले याचा अभ्यास पुष्कळांनी केला आहे, पण डच? मी विचारले, "अगं, हा विषय तुला सुचला कसा?"

ती म्हणाली, "सर, शाळेत असताना आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं, पत्त्यातला किलवर हा डच शब्द आहे म्हणून. आमचे आजोबा रोज पत्ते खेळतात. तेव्हापासून ते डोक्यात बसलंय."

"आणि गुरुजींना कोणी सांगितलं?"

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "त्यांनी तुमच्याच एका भाषणात ऐकलं होतं, सर."

खरे होते ते. काही वर्षांपूर्वी परभाषेतील शब्दांवर बोलताना मी तसे म्हणालो होतो. डच भाषेत पत्त्याच्या या रंगाला 'क्लाव्हर' म्हणतात, एवढे मी कोठेतरी वाचले होते. क्लाव्हर आणि किलवर! साम्य इतके डोळ्यांत भरणारे की त्यापुढे काही तपासावे असे मला वाटलेच नाही. 'बहुधा' हा एक शब्द घातला असता तरी पुरे होते. तोही मी घातला नाही. ते वाक्य एका गुरुजींनी ऐकले, वर्गात सांगितले, आणि आता ते पुरावा म्हणून माझ्याच दारी परत आले होते.

डच म्हणजे हॉलंड देशाचे लोक. आपले पूर्वज त्यांना वलंदेज म्हणत. सन 1602 मध्ये त्यांच्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन एक मोठी कंपनी काढली. दोन शतके या कंपनीची जहाजे आफ्रिकेच्या टोकापासून जपानपर्यंत फिरत होती. जावा बेटावरील बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, हे तिचे पूर्वेकडील मुख्य ठाणे होते. आपल्याकडे सुरत, वेंगुर्ले, कोची, बंगालमधील चिन्सुरा अशा ठिकाणी तिच्या वखारी होत्या. असे हे लोक इतकी वर्षे आपल्या किनाऱ्यावर वावरले, तेव्हा त्यांचे शब्द आपल्या भाषेत असणारच, असे त्या मुलीने गृहीत धरले होते. एक शब्दकोश घेऊन तिने चाळीसएक शब्दांची यादीही केली होती. आम्ही ती यादी घेऊन बसलो.

पहिल्याच पानावर दोन सुंदर जोड्या होत्या. डच लोक नावाला 'नाम' म्हणतात आणि दाताला 'तांत'. ती म्हणाली, "हे तर सरळच आहे, सर." मी म्हटले, "सरळ आहे, पण उलट्या बाजूने." संस्कृतातील नाम आणि दंत हे शब्द डच लोकांचे जहाज बांधले जाण्यापूर्वी हजारो वर्षे इकडे आहेत. मराठी आणि डच या दोन्ही भाषा फार मागे गेले तर एकाच मुळाशी पोचतात. भाऊबंदांच्या दोन घरांत आजोबांची भांडी सापडली, तर एकाने दुसऱ्याकडून उसनी आणली असे होत नाही. अशा जुन्या नात्याला नियमही असतात. संस्कृतात जेथे 'द' आहे तेथे डचमध्ये पुष्कळदा 'त' येतो. दंत म्हणजे तांत. दोन म्हणजे 'त्वे'. आणि दश, म्हणजे आपले दहा, याला डच माणूस म्हणतो 'तीन'!

ऐकून हसू येईल, पण हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. वेंगुर्ल्याच्या बाजारात एखादा डच कारकून आपल्या भाषेत 'तीन' म्हणाला असता, तर त्याला दहा हवे असते. त्याचा 'तीन' आणि आपला 'तीन' कानाला सारखे लागतात, पण त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. आपल्या तीनचा नातेवाईक त्याच्या भाषेत 'द्री' हा आहे. म्हणजे जे सारखे दिसते ते नात्याचे असतेच असे नाही, आणि जे नात्याचे असते ते सारखे दिसतेच असेही नाही. यादीतले बरेच शब्द या एकाच चाळणीत गळाले.

दुसरा गट होता तो शब्द खरेच डच, पण वाट निराळी, असा. आपण हल्ली वरिष्ठाला 'बॉस' म्हणतो. मूळ डच शब्द 'बास', म्हणजे मालक. तो हॉलंडमधून अमेरिकेत गेला, तेथे इंग्रजीत शिरला, आणि इंग्रजीच्या पाठीवर बसून आपल्याकडे आला. ब्रँडी, जहाजाचा डेक, दुकानात मिळणारी कुकी हे शब्दही असेच मूळचे डच, पण आपल्याला मिळाले ते इंग्रजांकडून. त्यांचा वेंगुर्ल्याच्या वखारीशी काडीचा संबंध नाही.

राहता राहिला किलवर. आता त्याला वाचवण्याची मलाच जास्त तळमळ होती! पण तपासणी सर्वांना सारखी. बंगालमध्ये चिन्सुरा येथे डच लोक 1825 पर्यंत होते. तेथे बंगालीत पत्त्यांच्या रंगांना काय म्हणतात? इस्पिकला इस्कापन, चौकटीला रुइतन, बदामाला हरतन. डच नावे अनुक्रमे स्खोपन, राउतन, हार्तन. येथे तीन नावे एकत्र आली आहेत. खेळ ज्याच्याकडून घेतला त्याचे शब्द जथ्याने आले आहेत. ही झाली भक्कम साक्ष. मराठीत काय दिसते? बदाम आणि चौकट ही तर आकृतीवरून ठेवलेली आपली घरची नावे. इस्पिक हा स्खोपनशी जुळत नाही. उरला एकटा किलवर. त्यातही डेन्मार्क आणि स्वीडन या देशांत याच रंगाला जवळजवळ तसेच नाव आहे, आणि इंग्रजीत त्या तीन पानांच्या गवताचे नाव 'क्लोव्हर' आहे. मग आपला शब्द नेमका कोणाच्या जहाजातून उतरला? केवळ साम्याच्या जोरावर तो डच आहे असे ठासून सांगण्याचा मला अधिकार नव्हता, आणि तरी मी ते सांगितले होते.

दिवेलागण झाली तेव्हा यादी संपली होती. चाळीस शब्दांतला एकही असा उरला नव्हता की ज्याच्यावर बोट ठेवून, हा डच माणसाच्या तोंडून मराठी माणसाने उचलला, असे म्हणावे. मुलीचा चेहरा पडला. म्हणाली, "सर, मग निबंधात राहिलं काय? विषय बदलू का?"

मी म्हटले, "विषय बदलू नकोस. प्रश्न उलटा कर. मराठीतले डच शब्द कोणते, असे विचारण्याऐवजी, ते का नाहीत, असे विचार."

आणि श्रोते हो, खरा इतिहास येथून सुरू झाला.

पनवेलहून महामार्गाने दक्षिणेस निघालो आणि सावंतवाडीच्या बाजूने समुद्राकडे वळलो म्हणजे वेंगुर्ले लागते. येथे 1637 मध्ये डचांनी वखार घातली. त्या वेळी हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. डचांची नजर होती जवळच्या गोव्यावर. पोर्तुगीजांचा व्यापार मोडावा म्हणून ते गोव्याच्या मुखाशी आरमार घालून बसत, आणि त्या आरमाराला रसद लागे ती वेंगुर्ल्याहून मिळे. पुढे हाच प्रदेश शिवाजी महाराजांच्या हालचालींनी गाजू लागला, तेव्हा वेंगुर्ल्याचे डच अधिकारी त्यांच्याविषयी बातम्या गोळा करून वरिष्ठांना पत्रे लिहीत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी आपल्या इंग्रजी शिवचरित्रात अशा डच कागदपत्रांचा भरपूर उपयोग केला. म्हणजे डचांनी आपल्याविषयी पुष्कळ लिहिले. पण ते लिहिले स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या लोकांसाठी. ते कागद जहाजात बसून बटाव्हियाला आणि हॉलंडला गेले. सतराव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत वेंगुर्ल्यातला त्यांचा मुक्काम संपला. वखारीच्या जाड भिंती पडक्या स्थितीत अजून उभ्या आहेत.

मग ही माणसे बाजारात बोलत कोणत्या भाषेत? याचे उत्तर त्यांच्या नावातच आहे. 'वलंदेज' हा शब्द डच नव्हे. डच माणूस स्वतःला 'नेदरलांडर' म्हणतो. पोर्तुगीज त्याला म्हणतात 'ओलांदेश', म्हणजे हॉलंडचा. त्याचाच आपण वलंदेज केला. इंग्लंडच्या माणसाला पोर्तुगीज 'इंग्लेश' म्हणत, त्याचा आपण इंग्रज केला. डेन्मार्कचे पोर्तुगीज नाव 'दिनामार्का', त्यावरून आला डिंगमार. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी राजनीतीवर जे आज्ञापत्र लिहिले त्यात हे वलंदेज आणि डिंगमार टोपीकरांच्या यादीत आहेत. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावेसुद्धा आपण पोर्तुगीजांच्या तोंडून शिकलो. ज्यांचे नावच आपण त्यांच्याकडून घेतले नाही, त्यांचे इतर शब्द कोठून येणार?

पोर्तुगीज डचांच्या आधी शंभर वर्षे आले. 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला. चौल, वसई येथे ते पिढ्यान् पिढ्या राहिले. नवी फळे, नव्या वस्तू, नव्या चाकऱ्या त्यांच्याबरोबर आल्या, आणि त्यांची नावेही. पाव, बटाटा, काजू, अननस, पगार, चावी, घमेले, फीत हे सारे शब्द त्यांचे. किनाऱ्यावरच्या दुभाष्यांना, दलालांना, खलाशांना मोडकीतोडकी का होईना पोर्तुगीज येत असे. डच आले तेव्हा बाजारची भाषा तयारच होती. त्यांनी पोर्तुगीजांशी लढाया केल्या, त्यांची ठाणी घेतली. पण बोलण्यासाठी त्यांचीच भाषा वापरली. खुद्द बटाव्हियात, डचांच्या राजधानीत, पोर्तुगीज घराघरांत बोलली जात होती.

याचा एक लेखी दाखला आहे आणि तो आपल्याला जवळचा आहे. महामार्गाने आणखी दक्षिणेस, कोचीपर्यंत जाऊ. 1663 मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतली. तेथील डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ तयार करविला. 'होर्टुस मलाबारिकुस' या नावाने त्याचे 12 खंड 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्यातील माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी भाषक ब्राह्मण होते. या तिघांनी दिलेली साक्ष कोंकणी भाषेत, आपल्या नागरी अक्षरांत पहिल्या खंडात छापलेली आहे. त्या काळी हॉलंडमध्ये नागरी अक्षरे कागदावर उमटली!

आणि अच्युतनांची साक्ष लॅटिनमध्ये गेली कशी? इमानुएल कार्नेरो नावाच्या दुभाष्याने ती मलयाळीतून पोर्तुगीजमध्ये सांगितली, आणि मग पोर्तुगीजमधून ती लॅटिनमध्ये उतरवली गेली. मालक डच, वैद्य मलयाळी, आणि मध्ये पूल पोर्तुगीज. हा एक दाखला मिळाला तेव्हा त्या मुलीचे डोळे चमकले. ती म्हणाली, "म्हणजे वेंगुर्ल्यालाही असंच होत असणार." मी म्हटले, "'असणार' असेच लिही. 'होते' असे लिहू नकोस." या बाबतीत मी आता शहाणा झालो होतो!

पण एक शंका तिनेच काढली, आणि ती रास्त होती. डच भाषाच अशी असेल की ती दुसऱ्यांच्या तोंडी बसत नाही. याचे उत्तर समुद्रापलीकडे श्रीलंकेत मिळते. तेथील किनारपट्टीवर 1658 पासून 1796 पर्यंत डचांचे राज्य होते. नुसती वखार नव्हे; कचेऱ्या, न्यायालये, कायदे, शाळा. तेथे सिंहली भाषेत डच शब्द भरपूर आहेत. कचेरीला तेथे म्हणतात 'कंतोरुव', डच 'कांतोर'वरून. बटाट्याला म्हणतात 'अर्तापल', डच 'आर्दाप्पल'वरून. नववर्षाच्या सणाला तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध यांचे एक कुरकुरीत पक्वान्न तळतात, त्याचे नाव 'कोकीस', डच 'कुक्येस'वरून. तोच शब्द अमेरिकेला वळसा घालून कुकी बनून आपल्या दुकानात आला, हे मघाशी सांगितलेच.

पाहा, कंद एकच. आपण त्याला पोर्तुगीज नाव दिले, सिंहली लोकांनी डच. तेव्हा अडचण डच भाषेत नव्हती. जेथे राज्य, न्याय, संसार त्या भाषेत चालला तेथे तिचे शब्द मुरले. जेथे फक्त वखार होती तेथे ते वखारीच्या भिंतीआडच राहिले.

याची दुसरी बाजू पाहायला तर लांब जायलाही नको. पनवेल ज्या रायगड जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी कोर्लई नावाचे गाव आहे. 1740 मध्ये पोर्तुगीजांनी हा परिसर सोडला. पण तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली आजही घरात बोलली जाते. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर 1996 मध्ये एक पुस्तकच प्रसिद्ध केले. राज्य जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली तरी भाषा टिकली, कारण ती चुलीपाशी पोचली होती. वेंगुर्ल्याची डच भाषा चुलीपर्यंत पोचलीच नाही.

मग डचांचा आणि आपल्या भाषांचा काहीच संबंध आला नाही काय? आला, पण तो त्यांच्या वहीत आला. त्याची एक चटकदार कथा आहे. योहान योसुआ केटेलार हा बाल्टिक समुद्राकाठच्या एल्बिंग गावच्या एका पुस्तकबांधणी करणाऱ्याचा मुलगा. कंपनीच्या नोकरीत तो 1683 मध्ये सुरतेला आला, आणि पुढे आग्र्याच्या वखारीत होता. पोर्तुगीजवर न विसंबता त्याने हिंदुस्तानी ऐकून ऐकून शिकली, आणि नव्या येणाऱ्या डच नोकरांसाठी तिचे व्याकरण डच भाषेत लिहिले. त्याची एक नक्कल 1698 मध्ये लखनौ येथे केलेली आहे. ती आज हॉलंडमध्ये हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवली आहे. हिंदुस्तानीचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने व्याकरण ते हेच. 1743 मध्ये लायडन येथे त्याचे लॅटिन रूपांतर छापले गेले.

त्यात चुका आहेत. जॉर्ज ग्रियर्सन यांनी त्या नोंदवल्या. 'मैंने किया' यातला 'ने' केटेलारला उमगलाच नाही. आणि 'आप' हा शब्द त्याने 'आपण सगळे' या अर्थाने दिला आहे, जसा गुजरातीत चालतो. पण गंमत अशी की या चुकीमुळेच आपल्याला कळते की त्याचे कान सुरतेच्या बाजारात तयार झाले होते. त्याने जे ऐकले ते लिहिले, कोठे ऐकले याची खूण ठेवली गेली, म्हणून त्याची चूकसुद्धा तीनशे वर्षांनी उपयोगी पडली. माझ्या किलवरच्या चुकीत असे काही नव्हते. मी ते कोणाकडून ऐकले नव्हते, कोठे नोंदलेले पाहिले नव्हते. मनाला पटले म्हणून बोललो होतो.

असो. त्या मुलीचा निबंध पुरा झाला. नाव बदलले : 'मराठीत डच शब्द का नाहीत?' चाळीस शब्दांची यादी तिने फेकून दिली नाही. प्रत्येक शब्दापुढे तो का गळाला याचे कारण लिहून ती निबंधाच्या शेवटी जोडली. माझे जुने वाक्यही त्यात होते, चुकीच्या अनुमानाचा नमुना म्हणून. तिने आधी संकोचाने विचारले, "सर, हे ठेवू का?" मी म्हटले, "जरूर ठेव. पुढच्या मुलाचा वेळ वाचेल."

घरी तिने आजोबांना सारी हकिगत सांगितली. हातातली पाने खाली न ठेवता आजोबांनी विचारले, "मंग किलवर कोनाचा गो?" ती म्हणाली, "अजून शोधते आहे, आजोबा."

माझ्या शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द सांगून मी संपवतो. आपल्या गावात शब्दांचा खजिना आहे. नाखवा, सुतार, लोहार, आगरी शेतकरी, कातकरी यांच्या तोंडी असे शब्द आहेत की जे कोशात सापडत नाहीत. मुलांना ते गोळा करायला लावा. एक साधी वही करावी. प्रत्येक शब्दापुढे पाच गोष्टी लिहाव्यात : शब्द जसा ऐकला तसा, त्याचा अर्थ, तो कोणी सांगितला, त्याचे वय आणि व्यवसाय, कोणत्या गावी आणि कोणत्या तारखेला ऐकला, आणि तो कोणत्या वाक्यात आला. शब्द कोठून आला हे मुलांनी लगेच सांगू नये, आणि आपणही सांगू नये. त्यासाठी सहावा रकाना कोरा ठेवावा. तो भरताना साम्य पाहावे, पण तेवढ्यावर थांबू नये. शब्द कोणी आणला, कोणत्या काळी, कोणत्या वाटेने, आणि त्याच्याबरोबरचे भाऊबंद कोणते आले, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर रकाना कोरा राहू द्यावा.

आणि ज्या गुरुजींनी माझे ते जुने भाषण ऐकून वर्गात किलवर डच आहे म्हणून सांगितले असेल, त्यांना माझी विनंती आहे. उद्या शाळेत गेल्यावर ते वाक्य दुरुस्त करावे. सांगणाऱ्याने पुरावा दिला नव्हता आणि त्याने ते आज स्वतः कबूल केले, एवढे मुलांना सांगितले म्हणजे पुरे.